गाळपेरीतलं चित्र

बारामतीत आमच्या ओळखीच्या निम्म्या घरांत माझ्या हातचं चित्र होतं आणि त्यातलं एकही माझं नव्हतं. नव्वदच्या दशकात गावात भराभर बंगले उठत होते. बंगला झाला की हॉल, हॉलमध्ये शोकेस आणि शोकेसच्या वर भिंतीला सिनरी. सिनरी म्हणजे बर्फाचे डोंगर, पायथ्याला लाल छपराचं घर, पुढे तळं आणि तळ्यात दोन हंस. ज्या तालुक्याच्या अर्ध्या भागात मार्चपासून पाण्याचे टँकर फिरायचे, तिथल्या लोकांना भिंतीवर बर्फ हवा असायचा. मी शाळेत चित्रकला शिकवायचे, त्यामुळे हा बर्फ पुरवायचं काम आपोआप माझ्याकडे आलं होतं. शाळेतही वेगळं काही नव्हतं. सुविचाराचा फळा, जयंतीला रंगीत खडूंनी थोरांचे चेहरे, गॅदरिंगचा पडदा, प्रमाणपत्रांवर वळणदार नावं. सगळे म्हणायचे, बाईंच्या हातात जादू आहे. मला त्या वाक्याचा हळूहळू राग यायला लागला होता.

त्या वर्षी एप्रिलमध्ये शेजारच्या गल्लीतल्या एका बाईंच्या नव्या घरासाठी सिनरी काढायला बसले आणि ज्या कॅलेंडरवरून काढायचे ते काही केल्या सापडेना. म्हटलं, बघू आठवतंय का. आठवलं. डोंगराच्या घडीसकट, छपराच्या सावलीसकट सगळं आठवलं. दुपारच्या चहाच्या आत हंसाच्या चोचीला शेवटचा ठिपका दिला आणि मी घाबरले. मी आयुष्यात बर्फ पाहिलेला नव्हता आणि तो मला झोपेतही काढता येत होता. ब्रश धुताना मला आमचे पुण्याचे सर आठवले. आर्ट स्कूलमध्ये शिकत असताना त्यांनी माझ्या एका चित्रापाशी थांबून, अगदी साध्या आवाजात, सगळ्या वर्गासमोर म्हटलं होतं, "हात आहे तुझा. नजर दुसऱ्याची आहे." तेव्हा मी रागावून डबा न खाता बसले होते. आता वयाच्या चौतिसाव्या वर्षी ते खरं निघतंय की काय, अशी धास्ती वाटली.

मे महिन्याची सुट्टी लागली. मुलगी आजोळी गेली. मी नवऱ्याला सांगितलं की दोन-तीन दिवस स्कूटर मला पाहिजे, मी एकटी जाणार आहे, औंधचं संग्रहालय बघणार आहे आणि वाटेत बाहेर बसून चित्रं काढणार आहे. तो म्हणाला, चित्र काढायला एवढं उन्हातान्हात कशाला जायला पाहिजे, गच्चीवर बस की. मग माझा चेहरा बघून त्यानं पुढचं बोलणं गिळलं आणि स्कूटरची टाकी भरून आणली. मी मनाशी ठरवलं होतं, त्याला सांगितलं नव्हतं. या फेरीत माझं म्हणता येईल असं एक चित्र झालं नाही, तर रंगांची पेटी शाळेच्या कपाटात ठेवून द्यायची आणि हंस काढायचे. नुसतं कुढत बसण्यापेक्षा ते बरं.

स्कूटर जुनी होती. एका बाजूला कलती करून धरल्याशिवाय किक लागत नसे. मागच्या सीटला दोरीनं चित्राची फळी बांधलेली, पायांपाशी घडीचा लाकडी स्टँड, खांद्याला झोळी. फलटणच्या रस्त्याला लागले तेव्हा ऊन अजून कोवळं होतं आणि मला वाटलं होतं की मोकळं वाटेल. तसं काही वाटलं नाही. प्रत्येक वळणावर वाटायचं, इथं थांबावं. थांबले की वाटायचं, पुढे याहून चांगलं असेल. फलटण गेलं, दहिवडी गेलं. बोडक्या डोंगरांवर ढगांच्या सावल्या सरकत होत्या आणि मी स्टँड न उघडता नुसती बाटलीतलं पाणी पिऊन पुढे निघत होते.

औंधच्या टेकडीवरच्या त्या संग्रहालयात मी विद्यार्थिनी असताना सहलीबरोबर आले होते. आत दगडी गारवा होता. मोठमोठी तैलचित्रं जागच्या जागी होती. त्यात एका म्हाताऱ्याच्या चेहऱ्याचं चित्र होतं, एका अंगानं उजेड आलेला, बाकी सगळा अंधार. सहलीत मी त्याची नक्कल केली होती आणि सगळ्यांनी वाखाणली होती. सरांनी ते वाक्य त्याच नकलेपाशी थांबून म्हटलं होतं. आता पुन्हा त्याच्यासमोर उभी राहिले आणि लक्षात आलं की पदराआड माझी बोटं हलतायत. इथं गालाचं हाड, इथं उजेड संपतो, इथं दाढीत दोन पांढरे फटकारे. मी चित्र बघत नव्हतेच, पाठ म्हणत होते. पुढच्या दालनातही तेच. एखादं चित्र आवडलं की हात आधी पुढे व्हायचा. एवढ्या लांबून हौसेनं आलेली मी अर्ध्या तासात बाहेर आले आणि पायऱ्यांवर बसून चपलेनं खडे उडवत राहिले.

रात्री फलटणला मावशीकडे मुक्काम केला. मावशीनं काय काय पाहिलंस म्हणून विचारलं, मी छान होतं म्हणाले. सकाळी निघाले ती बारामतीत शिरले. आमच्या गल्लीच्या तोंडाशी आल्यावर स्कूटर आपसूक हळू झाली. घरी जाऊन आमटी-भात करता आला असता. मी गिअर बदलला आणि इंदापूरच्या रस्त्याला लागले.

पिंपळीच्या पुढे कालव्याच्या कडेला बसून पहिलं चित्र काढलं. कालवा, ऊस, पलीकडे नारळाची रांग. हिरवा रंग भसाभस वापरला. पूर्ण झाल्यावर लांब धरून पाहिलं तर नारळांच्या मागे डोंगर आलेले. तिथं डोंगर नव्हते. सपाट ऊस होता, थेट आभाळापर्यंत. माझ्या हातानं रिकामी जागा बघून सवयीनं डोंगर भरले होते, फक्त बर्फ तेवढा घातला नव्हता. मला हसू यायला हवं होतं, पण डोळ्यांत पाणी आलं. चित्राचे चार तुकडे केले, ते झोळीत कोंबले आणि उन्हाकडे न बघता लासुर्णे ओलांडून इंदापूर गाठलं. तिथल्या एसटी स्टँडसमोर उसाचा रस प्यायले. आता घरी जायचं एवढंच उरलं होतं. फक्त आल्या रस्त्यानं परत जाववेना, म्हणून हायवेनं भिगवणला जायचं आणि तिथून बारामतीला वळायचं ठरवलं.

पळसदेवच्या अलीकडे उजव्या हाताला उजनीचं पाणी दिसायला लागलं. धरण झालं तेव्हा नदीकाठची जुनी गावं पाण्याखाली गेली आणि लोक वर माळावर येऊन राहिले. उन्हाळ्यात पाणी मागं हटतं तेव्हा जुन्या गावांची जोती, विहिरी, देवळं वर येतात. तो ओला गाळ सुकायला लागला की लोक खाली उतरून त्यात पेरतात, त्याला गाळपेर म्हणतात. मला हे ऐकून माहीत होतं. एक कच्ची वाट खाली जाताना दिसली आणि मी जवळजवळ चिडूनच स्कूटर तिच्यावर घातली. म्हटलं, एक शेवटचं बघू.

खाली उतरल्यावर रानाचा रंगच वेगळा होता. भेगाळलेला राखाडी गाळ, मधेमधे काकडीचे आणि कलिंगडाचे वेल, लांबवर पाण्याची चकाकती पट्टी आणि त्या पाण्यात कमरेपर्यंत उभं जुन्या गावाचं देऊळ. अलीकडे चिंचेचं एक कुजकं खोड उभं होतं. पाय रुतायला लागले म्हणून एक मोठा घडीव दगड बघून त्यावर बसले, समोर स्टँड रोवला आणि त्यावर फळी ठेवली. मग हात लांब करून पेन्सिल उभी धरली, एक डोळा मिटला आणि देवळाची उंची खोडाच्या किती पट आहे ते मापायला लागले. चित्र काढणारे सगळेच असं करतात.

सरकारी मोजणीवालेही असंच करतात, हे मला तेव्हा सुचलं नाही. तेही तीन पायांचा स्टँड रोवतात, त्यावर फळी मांडतात आणि एक डोळा मिटून लांबवर बघतात. पेन्सिल खाली ठेवायच्या आत डावीकडच्या वेलांतून एक म्हातारे गृहस्थ लगबगीनं आले. डोक्याला तांबडा पटका, खांद्यावर घोंगडी. त्यांच्या मागून दोन बायका आल्या. गृहस्थांनी नमस्कार केला आणि मोजणी कुणाच्या अर्जावर आहे, असं विचारलं. मी उत्तर द्यायच्या आत उजवीकडून त्यांच्याच वयाचे दुसरे एक जण आले. त्यांचं म्हणणं होतं की नोटीस आल्याशिवाय मोजणी होऊच कशी शकते.

मी म्हटलं, मी मोजणीची नाही. चित्र काढतेय.

"व्हय, त्योच की," दुसरे म्हणाले. "नकाशा."

थोड्या वेळात दोन्हीकडून मिळून पंधरा-वीस माणसं जमली आणि माझ्या पाठीमागे उकिडवी बसली. त्यांच्या बोलण्यातून कळलं ते असं. हे दोघे चुलतभाऊ. डावीकडचे थोरल्या घरचे आबा, उजवीकडचे धाकट्या घरचे तात्या. पूर्वी मेंढरं होती, ती गेली. आता वर माळावर थोडी शेती आणि उन्हाळ्यात ही गाळपेर. दर पावसाळ्यात बांध वाहून जातो आणि दर उन्हाळ्यात नव्यानं हद्द आखावी लागते. हद्द ठरलेली होती. मी बसले होते तो दगड आणि समोरचं चिंचेचं खोड, या दोन्हींच्या मधे दोर धरायचा. यात दोघांचंही दुमत नव्हतं. दुमत पुढच्या वर्षाचं होतं. खोड आतून संपलं होतं, येत्या पावसाळ्यात ते जाणार हे दिसत होतं. मग दोर कुठं धरायचा, यावरून दोघांचं बोलणं बंद झालं होतं. त्यामुळे ते एकमेकांशी न बोलता माझ्याशी बोलत होते. आबा म्हणायचे, त्यांना सांगा. तात्या म्हणायचे, त्यांना इचारा. मी एकटं राहायला म्हणून आले होते आणि आता एका भावकीच्या मधोमध दगडावर बसले होते.

बाई सरकारी असू शकते, हे त्यांना लगेच पटलं होतं. बाई आपली आपण चित्र काढायला स्कूटरवरून येते, हे काही पटत नव्हतं. शेवटी मी रंगाची पेटी उघडली. रंगांच्या वड्या बघून एक बाई म्हणाली, मोजणीवाल्याकडं असलं काय नसतंय. तेव्हा कुठे त्यांचा विश्वास बसला आणि मला वाटलं, आता उठून जातील. कुणी उठलं नाही. आबा जरा विचार करून पुढे आले, माझ्या मागे उभे राहिले आणि माझ्या डोक्याच्या वरून समोर बघायला लागले.

"हितनं बघितलं की खोड देवळाच्या डाव्या कडंच्या बरूबर खाली येतंय," ते म्हणाले. "ह्ये कागदावर आलं तर खोड गेलं तरी बिघडत न्हाय. कागद बघायचा आन् दगडावरनं देवळाच्या त्या कडंवर दोर धरायचा."

तात्याही येऊन बघून गेले. त्यांनी मान हलवली. मी म्हटलं, त्यासाठी फोटो काढून घ्या, भिगवणहून फोटोवाला बोलवा. त्यावर दोन्हीकडून एकदम कळलं की तो विषय होऊन गेला होता. फोटोवाला आबांनी आणला तर तो आबांचा, तात्यांनी आणला तर तात्यांचा. "तुमी कुणाच्याच न्हाय," तात्या म्हणाले. तो माझा गुण आहे, हे मला त्या दिवशी प्रथमच कळलं.

मग मी काढायला लागले. मेमधलं ऊन असं की आभाळाला पाण्याचा हात फिरवला तर ब्रश उजवीकडे पोचायच्या आत डावी बाजू सुकायची. घाई करावी लागत होती. घाईत हात सवयीवर जातो. वर्गात मी मुलांना शिकवायचे की दोन वस्तू एकाखाली एक चिकटून येऊ देऊ नयेत, चित्र अवघडतं, एखादी जरा बाजूला सरकवावी. मी पेन्सिलनं खोडाची पहिली रेघ मारली ती थोडी उजवीकडे.

"बाई, खोड तिकडं न्हाय," मागून आबांचा आवाज आला.

मी पुसलं आणि परत मारली. आता तात्या म्हणाले, लईच डावीकडं गेलं. मी वैतागून मागे वळले. पाठीमागच्या सगळ्या नजरा माझ्याकडे नव्हत्या, माझ्या चित्राकडेही नव्हत्या. त्या समोर होत्या, देवळावर आणि खोडावर. एवढी माणसं इतक्या चिकाटीनं एका जागेकडे बघतायत असं मी कुठल्याच संग्रहालयात पाहिलं नव्हतं. मग मीही बघायला लागले. खोडाच्या मागे डोंगर नव्हता, तर डोंगर काढला नाही. पाणी निळं नव्हतं, मातकट पांढरं होतं, तर तसं केलं. गाळातल्या भेगा सुबक नव्हत्या. देवळाचा शेंडा एका बाजूनं झिजून बोथट झाला होता, तो गोल करायला हात शिवशिवत होता, मी नाही केला. आणि खोड बरोबर देवळाच्या कडेखाली, अवघडलेलं, जिथं होतं तिथंच ठेवलं. कुणीतरी पाण्याचा तांब्या दिला. मी त्यात ब्रश बुडवला, तेव्हा कळलं की तो प्यायला दिला होता.

झालं तेव्हा उन्हं कलली होती. फळी मांडीवर घेऊन पाहिली. चित्र काही देखणं नव्हतं. मधला भाग रिकामा होता, खोड आणि देऊळ एकमेकांना टेकल्यासारखे दिसत होते, वर्गात मी त्याला लाल पेन्सिल मारली असती. पण ते कुठून आलेलं नव्हतं. ते मी त्या दगडावरून पाहिलं होतं. मला इतका आनंद झाला की मी नुसती हात पुसत बसले.

आबांनी सरळ हात पुढे केला. चित्र एक साल त्यांच्याकडे राहील आणि एक साल तात्यांकडे, हे माझ्या पाठीमागे केव्हाच ठरलं होतं. मी फळी छातीशी धरली. म्हटलं, हे नाही देता येणार. हे मला पाहिजे. मी तुम्हाला असंच्या असं दुसरं काढून देते, आत्ता, इथंच. त्यावर त्यांची हरकत नव्हती.

नक्कल हा तर माझा हातखंडा. दुसरा कागद लावला, पहिला पायाशी ठेवला आणि पाहता पाहता काढून मोकळी झाले. आभाळ पहिल्यापेक्षा नितळ उतरलं होतं. पाण्यावर उजेडाची एक रेघ होती. पाठीमागच्या बायका म्हणाल्या, ह्ये लई झ्याक हाय. मी उठून चित्र आबांच्या हातात दिलं. ते दगडावर बसले आणि कागद डोळ्यांसमोर धरून एकदा त्याकडे, एकदा समोर बघायला लागले. तात्या त्यांच्या खांद्यावरून वाकले.

"खोड सरकलंय," तात्या म्हणाले.

"व्हय," आबा म्हणाले. "तुमच्याकडं गेलंय."

मधे मला न घालता ते एकमेकांशी बोलले, हे त्यांच्याही ध्यानात आलं नसावं. मी वाकून पाहिलं. खोड उजवीकडे सरकलं होतं. पहिल्या कागदावर जे अवघडलेलं होतं, ते माझ्या हातानं दुसऱ्यावर मला न विचारता मोकळं करून टाकलं होतं. चित्र त्यामुळे सुंदर झालं होतं आणि तात्यांची दोन-तीन पावलं जमीन गेली होती. आबांना ती फुकटात मिळत होती, तरी त्यांनी तो कागद माझ्याकडे परत दिला.

मी म्हटलं, आणखी एक काढते, या वेळी नीट काढते. पण उजेड उतरत होता, देवळाची कड पुसट व्हायला लागली होती आणि मला खरं सांगायचं तर स्वतःच्या हाताची खात्री राहिली नव्हती. पहिला कागद मी सोडत नव्हते. सोडला तर माझ्याजवळ काय राहणार होतं? हे त्यांना कसं सांगावं ते कळेना. तरी सांगितलं. म्हटलं, आबा, मी आजवर सगळं दुसऱ्याचं बघून काढलं. हे पहिलंच आहे.

आबांनी ऐकून घेतलं. त्यांना त्यात फारसं काही अडचणीचं दिसलं नाही.

"तुमाला काय बाई," ते म्हणाले, "तुमी दुसरं काढाल. बघितलं की आमी, तुमाला येतंय."

चित्र पदरात पाडून घ्यायला म्हणून ते बोलले असतील. पण एवढ्या वर्षांत हात चांगला आहे असं मला शंभर जणांनी सांगितलं होतं, येतंय असं कुणी म्हटलं नव्हतं. मी पहिला कागद पुढे केला. तात्यांनी तो दोन्ही हातांनी, रंग न पुसता, आडवा धरला आणि वर माळाकडे निघाले. त्यांच्या शेजारून आबा चालायला लागले. मला एक कलिंगड मिळालं, ते झोळीत मावेना म्हणून पायांपाशी स्टँडच्या बगलेत बसवलं.

भिगवणवरून बारामतीला आले तेव्हा नवरा फाटकाशीच उभा होता. कलिंगड उतरवून घेत त्यानं विचारलं, काय, जमलं का काही? मी म्हटलं, जमलं.

"दाखव की मग."

"देऊन आले," मी म्हटलं.

त्याला ती थट्टा वाटली. तो हसत कलिंगड घेऊन आत गेला. मी स्कूटरवरची फळी सोडलीच नाही. सकाळी कुठं जाऊन बसायचं, याचा विचार करत तिथंच उभी राहिले.